स्मॉलमाउथ बाससाठी हलका रॉड आणि बारीक लाइन: नेमकं काय घ्यावं?

खंड्या | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात आम्ही पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहायला आलो. सस्केहॅना नदी घरापासून अगदी जवळ आहे, तिथे स्मॉलमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवायचा आहे. लहानपणी रत्नागिरीच्या खाडीत मामाबरोबर गरवायला जायचो. हातात तंगूस, टोकाला शिसं आणि गळाला कोळंबी, एवढाच सरंजाम असायचा. इथे दुकानात पाऊल टाकलं तर भिंतभर रॉड (गरवायच्या काठ्या) आणि लाइनचे (दोऱ्याचे) शेकडो डबे.

दुकानदाराने साडेपाच फुटी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका आणि लवचीक रॉड आणि ४ पौंडी (एवढ्या ओढीला तुटणारी) मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची लाइन सुचवली. म्हणाला, "बास खेळवायची खरी मजा यातच." शेजारी म्हणतो, सात फुटी मीडियम रॉड आणि २० पौंडी ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली लाइन) घे, नाहीतर पस्तावशील. मला पाण्यात उतरून किंवा काठावरून गरवायचं आहे, बोट नाही. मासे सोडूनच देणार. रॉड आणि रील (लाइन गुंडाळायचं चाक) मिळून दीडशे डॉलरच्या आसपास खर्च करायची तयारी आहे.

रॉड कोणता, लाइन कोणती, लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा) लागतो का? कृपया कारणांसकट सांगा.

---

नदीकाठ | १२ मे, रात्री ११:०५

खंड्या, स्वागत. चांगल्या नदीवर आला आहात.

आधी एक सांगतो. रॉडपासून सुरुवात करू नका. आधी ठरवा की कोणतं ल्यूर (नकली आमिष) किती वजनाचं टाकणार. ते ठरलं की लाइन ठरते आणि लाइन ठरली की रॉड आपोआप ठरतो. दुकानात बहुतेक लोक उलट्या दिशेने जातात.

आपल्या पट्ट्यात सस्केहॅना रुंद आणि उथळ आहे. तळाला कातळाच्या आडव्या पायऱ्या आहेत, मध्ये गोटे आहेत आणि त्यांच्या आडोशाला संथ पाण्याचे खिसे. स्मॉलमाउथ त्या खिशाच्या कडेला थांबतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. त्याचं आवडतं खाद्य क्रेफिश, म्हणजे नदीतला छोट्या शेवंडासारखा दिसणारा जीव. त्यामुळे ल्यूर तळाशी हवं, पण तळाला रुतून बसलेलं नको. प्रवाहाने ते दगडावरून दगडावर सरकत जायला हवं. माझा नियम असा की तळाला टेकल्याचं कळेल इतकंच वजन, त्याहून जास्त नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की १/१६ ते १/८ औंस पुरतं, म्हणजे जेमतेम दोन ते साडेतीन ग्रॅम. प्रवाह जोरात असेल तर ३/१६.

आता एवढं हलकं ल्यूर लांब फेकायचं तर लाइन बारीकच हवी. जाड लाइन स्पूलवरून (रीलच्या रिळावरून) कडक वेटोळ्यांत सुटते आणि रॉडच्या कड्यांना घासते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्यात गेल्यावर प्रवाह त्या जाड लाइनला ढकलतो, ती मध्ये कमानीसारखी फुगते आणि ल्यूर तळावरून उचललं जातं. तुमच्या शेजाऱ्याची २० पौंडी ब्रेडेड इथे मार खाते. मासा मोठा असो की छोटा, ल्यूर त्याच्यापर्यंत पोचलंच नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ.

मी १० पौंडी ब्रेडेड वापरतो. तिची जाडी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, साधारण २ पौंडी मोनोएवढी. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे ल्यूर दगडाला टेकलं की बोटाला कळतं. रंग पिवळाधमक घ्या. बासने ल्यूर उचललं तर बरेचदा झटका येतच नाही, लाइन नुसती बाजूला सरकते. ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

पुढे तीन-चार फूट फ्लोरोकार्बनचा (मोनोसारखीच एकपदरी, पण वेगळ्या प्लास्टिकची लाइन, थोडक्यात फ्लोरो) लीडर, ६ किंवा ८ पौंडी. तो का, यावर उद्या लिहितो.

---

जुनी_रीळ | १३ मे, सकाळी ७:१५

नदीकाठ यांचं बहुतेक पटतं, पण नवशिक्याला पहिल्याच दिवशी ब्रेडेड आणि लीडरच्या गाठीत अडकवू नये असं माझं ठाम मत आहे. ६ पौंडी चांगली नायलॉन मोनो भरावी आणि नदीवर जावं. एकच गाठ बांधायची. लाइन गुंतली तर सोडवता येते. ब्रेडेडचा गुंता झाला की बहुतेक वेळा कात्रीच काढावी लागते.

मोनो ताणली जाते हा दोष सगळे सांगतात, पण तोच तिचा गुणही आहे. स्मॉलमाउथ पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. त्या क्षणी लाइनमध्ये थोडी लवचीकता असली तर गळ निसटत नाही. तीन काट्यांचे गळ असलेल्या ल्यूरना तर हे फारच लागू आहे. शिवाय नायलॉन फार हळू बुडते, त्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या पॉपरसारख्या ल्यूरना ती उत्तम. फ्लोरो बुडते आणि पॉपरचं नाक खाली ओढते.

---

नदीकाठ | १३ मे, रात्री ८:३०

काका, पॉपरचं शंभर टक्के मान्य. मीसुद्धा पॉपरला ब्रेडेडच्या पुढे मोनोचाच लीडर लावतो. मुलांना शिकवायला मोनोच बरी, हेही मान्य.

पण खंड्या तळाशी गरवणार आहेत. चाळीस-पन्नास फुटांवर साडेतीन ग्रॅमचं ल्यूर, मध्ये आडवा प्रवाह. अशा वेळी मोनोचा ताण आणि तिची जाडी मिळून हाताला काहीच कळू देत नाहीत. शिवाय नायलॉन पाणी शोषते आणि भिजल्यावर तिची ताकद थोडी उतरते. फ्लोरो पाणी शोषत नाही.

आता लीडरचं कारण. फ्लोरोकार्बन पाण्यात दिसत नाही असं डब्यावर छापलेलं असतं. ती कमी दिसते एवढं खरं. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.३३, फ्लोरोचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर; आकडा पाण्याच्या जितका जवळ तितकी लाइन कमी दिसते. पण नदीत माझ्या मते त्याहून मोठी कारणं दोन आहेत.

पहिलं म्हणजे घासणं. ब्रेडेडला दगडाची धार सहन होत नाही, बारीक धागे एकेक करून तुटतात. फ्लोरो कडक असल्याने टिकते. आपल्या नदीत दोन-तीन पौंडांचा बास म्हणजे चांगला मासा आणि चार पौंडांचा म्हणजे घरी फोन करून सांगण्यासारखा. जगातला विक्रमी स्मॉलमाउथ १९५५ साली टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलो तलावात डेव्हिड हेज यांना मिळाला, तोही ११ पौंड १५ औंसांचा. म्हणजे माशाच्या वजनाने ८ पौंडी लीडर सहसा तुटत नाही. तुटतो तो खरचटलेल्या जागी किंवा वाईट गाठीत. म्हणून दर थोड्या वेळाने शेवटचा फूटभर लीडर दोन बोटांमधून ओढून बघा. खरखर लागली की कापा आणि पुन्हा बांधा. आळस करू नका.

दुसरं कारण अडकण्याचं. ल्यूर दगडात अडकणारच. लीडर ब्रेडेडपेक्षा कमकुवत असेल तर तो गाठीपाशी तुटतो आणि तुमची लाइन परत येते. लीडर नसेल तर ब्रेडेड कुठेही तुटेल आणि चाळीस फूट न कुजणारा धागा नदीत राहील, बगळ्यांच्या आणि बदकांच्या पायात. आणि हो, अडकलेली ब्रेडेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. काठीला गुंडाळा.

---

सेंटक्लेअर_कट्टा | १३ मे, रात्री १०:१०

मिशिगनहून लिहितोय. नदीचं वर आलंच आहे, तलावाचं मी सांगतो, कारण कधी ना कधी तुम्ही लेक ईरीवर जाणारच.

सेंट क्लेअर तलावात १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून खातात, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा खूपच नितळ झालं. मग १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत राउंड गोबी हा तळाशी राहणारा छोटा मासा आढळला, आणि बासने तो खायला सुरुवात केली. दोन्ही बाहेरून, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. आमची आजची सगळी पद्धत या दोन पाहुण्यांनी ठरवली. पाणी नितळ म्हणून लीडर बारीक आणि लांब, आणि बास गोबी खातो म्हणून ल्यूर तळाशी.

इथे मी ६ पौंडी फ्लोरो लावतो आणि लीडर आठ-दहा फूट ठेवतो. एवढा लांब लीडर म्हटला की गाठ रॉडच्या कड्यांतून आत-बाहेर जाणार, म्हणून गाठ बारीक हवी. घरी निवांत बसून एफजी नावाची बारीक गाठ बांधतो. तलावावर तुटला तर डबल युनी, ती वाऱ्यात आणि थंड बोटांनीही बांधता येते. अल्बर्टोही चांगली. ल्यूरला पालोमर. गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायचीच, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने फ्लोरो तिथल्या तिथे कमजोर होते.

---

तांबोशी | १४ मे, दुपारी १२:२०

छान धागा. मी सिंधुदुर्गातून वाचतोय. आम्ही खाडीत जिताडा आणि तांबोशीला पीई (ब्रेडेडच्या जाडीचं माप) २ किंवा ३ ची ब्रेडेड आणि ३०-४० पौंडी लीडर लावतो. तुमची १० पौंडी म्हणजे आमच्या भाषेत साधारण पीई ०.८ होईल. एवढ्यावर चार पौंडांचा मासा वाहत्या पाण्यात येतो? आमच्याकडे असा लीडर पहिल्या झटक्यात गेला असता.

---

नदीकाठ | १४ मे, संध्याकाळी ७:००

तांबोशी, तुमच्याकडे गेलाच असता. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला धार असते आणि तांबोशीला दात असतात, शिवाय ती गळ लागताच खडकात किंवा खारफुटीच्या मुळांत घुसते. तिला जागच्या जागी थोपवावं लागतं. स्मॉलमाउथला कापणारे दात नसतात, ओठ वाळूच्या कागदासारखे खरखरीत असतात, अंगठा आत घालून धरता येतात. आणि तो बहुतेकदा मोकळ्या पाण्यात पळतो, वर येऊन उड्या मारतो. त्याला थोपवायचं नसतं, पळू द्यायचं असतं. म्हणून इथे ताकदीचं काम ड्रॅग करतो, म्हणजे ठरावीक ओढ बसली की स्पूलवरून लाइन सुटू देणारा रीलचा ब्रेक.

खंड्या, ड्रॅग अंदाजाने लावू नका. बॅग मोजायचा हुकाचा काटा असतो ना, तो लाइनच्या टोकाला बांधा, रॉड थोडा वाकवून ओढा. ६ पौंडी लीडरला दीड ते दोन पौंडांवर स्पूल फिरायला लागलं पाहिजे, म्हणजे लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. मासा लाइन ओढत असताना हँडल फिरवू नका, स्पिनिंग रीलवर त्याने प्रत्येक फेऱ्याला लाइनला पीळ पडतो.

---

रानवाट | १४ मे, रात्री ९:४५

मी जुनियाटात, म्हणजे सस्केहॅनाच्या उपनदीत गरवते, बहुतेक वेळा कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून. दुकानदाराने सांगितलेल्या अल्ट्रालाइटबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे.

साडेपाच फुटी अल्ट्रालाइट आणि ४ पौंडी लाइनवर बास "खेळवण्यात" मजा येते ती माणसाला. जुलै-ऑगस्टमध्ये नदीचं पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास जातं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा वेळी मासा लांबवत खेळवला तर तो सोडल्यावर पोहून जाताना दिसतो खरा, पण पुढे जगेलच असं नाही. आपण सोडणार असू तर तो जगावा म्हणूनच ना? हलकं सामान हवं ते ल्यूर नीट पोचावं म्हणून, मासा दमवण्यासाठी नव्हे. माझ्यासाठी ६ पौंड ही खालची मर्यादा आहे, त्याखाली मी जात नाही. भर उन्हाळ्यात ८ पौंडी लावते आणि पहाटेच जाते.

रॉड ६ फूट १० इंच ते ७ फूट, मीडियम-लाइट, फास्ट (म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा). टोक मऊ म्हणून हलकं ल्यूर फेकलं जातं आणि खालचा भाग भक्कम म्हणून मासा प्रवाहातून वळवता येतो. अल्ट्रालाइटमध्ये हा खालचा भागच नसतो. लांबीचा आणखी एक फायदा म्हणजे रॉड उंच धरून बरीच लाइन प्रवाहाच्या वर ठेवता येते. रॉडवर हँडलच्या वर छापलेलं असतं ते वाचा, लाइन ६-१० पौंड आणि ल्यूर १/८ ते १/२ औंसच्या आसपास. १/१६ टाकायचं तर खालचा आकडा १/१६ असलेला शोधा.

गळ बारीक तारेचा हवा. जाड गळ रुतवायला जोर लागतो आणि तो जोर ६ पौंडी लीडर सोसत नाही. मी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकते.

---

खंड्या | १५ मे, सकाळी ८:००

रानवाट ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. अल्ट्रालाइट बाद.

रील कोणत्या आकाराचं? आणि ल्यूर नेमकी कोणती? नेड रिग हे नाव सगळीकडे ऐकतोय.

---

नदीकाठ | १५ मे, रात्री ९:२०

रील २५०० आकाराचं. याहून छोटं घेतलं तर स्पूल लहान, वेटोळी लहान आणि लीडरला कुरळेपणा. पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर जास्त आणि रीलवर कमी खर्च करा, फक्त ड्रॅग न अडखळता सुटतो ना ते दुकानात हाताने ओढून बघा. बारीक लाइनवर अडखळणारा ड्रॅग म्हणजे तुटलेला लीडर.

लाइन भरताना तळाला आधी थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर घसरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखा वाटतो. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून थोडी जागा सोडा. फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करा आणि लाइन एकदा ताणून मगच गुंडाळायला लागा. बहुतेक गुंते ढिल्या वेटोळ्यांतून होतात.

नेड रिग हे कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाने ओळखलं जातं. बोटाएवढा आखूड प्लास्टिकचा तुकडा आणि मशरूमच्या आकाराचं छोटं जिगहेड (वजनाचं डोकं असलेला गळ). काही कंपन्यांचं प्लास्टिक पाण्यात तरंगतं, त्यामुळे डोकं तळाला आणि शेपूट वर, अगदी पवित्रा घेतलेल्या क्रेफिशसारखं. ते तरंगणारं प्लास्टिक मूळ पाकिटातच ठेवा. दुसऱ्या मऊ ल्यूरबरोबर एका डब्यात ठेवलं तर वितळून चिकटतं.

नेड १/१६, १/१० आणि १/८ औंसात. ट्यूब (पोकळ मऊ ल्यूर) १/८ ते १/४. तीन इंची छोटं स्विमबेट (माशासारखं मऊ ल्यूर). संध्याकाळसाठी एक पॉपर. एका मीडियम-लाइट रॉडवर हे सगळं चालतं. मोठा जर्कबेट (झटके देत ओढायचं माशासारखं कडक ल्यूर) टाकावासा वाटेल तेव्हा मीडियम रॉडचा विचार करा, आता नको. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तिरकं फेका आणि ल्यूर आपल्याकडे वाहत येऊ द्या, फक्त सैल लाइन गोळा करत राहा.

जाता जाता, आपल्या नदीतले हे बास मूळचे इथले नाहीत. शेजारच्या पोटोमॅकमध्ये ते १८५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यातून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून आणून सोडले होते. स्मॉलमाउथचं मूळ घर ग्रेट लेक्स आणि मिसिसिपी-ओहायोची खोरी.

---

बर्फाळ | १६ मे, सकाळी ६:५०

ओंटारिओतून दोन गोष्टी.

थंडीत ब्रेडेड पाणी धरून ठेवते आणि रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो. नोव्हेंबरमध्ये मी सरळ ६ किंवा ८ पौंडी फ्लोरो स्पूलवर भरतो. स्पिनिंग रीलवर ८ च्या वर फ्लोरो नको, उड्या मारत सुटते.

दुसरं म्हणजे शिसं. न्यू हॅम्पशायरमध्ये १ औंस किंवा त्याहून कमी वजनाची शिशाची वजनं आणि जिग वापरायला बंदी आहे, कारण लून पक्षी ती गिळून मरतात. इतर काही राज्यांतही वेगवेगळे नियम आहेत. शक्य असेल तर टंगस्टन घ्या. महाग आहे, पण शिशापेक्षा बरंच घन असल्याने तेवढ्याच वजनाला आकार लहान होतो. ल्यूर लवकर तळाशी जातं आणि दगड की वाळू हे हाताला स्पष्ट कळतं.

---

रानवाट | १६ मे, रात्री ८:१५

खंड्या, नियमांचं सांगायचं राहिलं. १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना परवाना लागतो. सनबरीपासून होल्टवूड धरणापर्यंतच्या सस्केहॅनात आणि जुनियाटाच्या खालच्या भागात बास पकडला की लगेच सोडावा लागतो. २००५ मध्ये बासची पिल्लं रोगाने मोठ्या संख्येने मेली, त्यानंतर हे निर्बंध कडक होत गेले. विणीच्या काळात नर घरट्यावर राखण करतो, त्याला तिथून उचलला की अंडी इतर मासे खातात. वसंतातले नियम परवान्याबरोबरच्या पुस्तिकेत दरवर्षी नव्याने वाचा.

आणि हॅरिसबर्गमधल्या डॉक स्ट्रीट धरणाच्या जवळपास पाण्यात उतरू नका. बुटकं दिसतं, पण खालचं उलटं फिरणारं पाणी माणसाला बाहेर येऊ देत नाही, तिथे बरेच बळी गेले आहेत. निघण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) हॅरिसबर्गच्या मापकावर पाण्याची पातळी बघा. पावसानंतर ती झपाट्याने वाढते. लाइफ जॅकेट मी उन्हाळ्यातही काढत नाही.

---

खंड्या | १८ मे, रात्री १०:३०

घेतलं! सात फुटी मीडियम-लाइट फास्ट, ल्यूर १/१६ ते ३/८. २५०० चं रील. १० पौंडी पिवळी ब्रेडेड, ८ आणि ६ पौंडी फ्लोरोचा एकेक डबा. डबल युनी टेबलावर बसून बांधतोय, पण ओढल्यावर दोनदा ब्रेडेडच्या बाजूने सरकली. काय चुकतंय?

---

सेंटक्लेअर_कट्टा | १८ मे, रात्री ११:०० 

ब्रेडेड गुळगुळीत आणि बारीक आहे, तिला वेढे जास्त लागतात. फ्लोरोच्या बाजूला चार-पाच, ब्रेडेडच्या बाजूला आठ. दोन्ही गाठी वेगवेगळ्या ओल्या करून अर्ध्या आवळा, मग एकमेकींकडे ओढा, आणि शेवटी दोन्ही मुख्य लाइन धरून सावकाश पूर्ण आवळा. शेपट्या अगदी गाठीला लागून कापू नका, एखादा मिलिमीटर ठेवा.